कपॅसिटर बदलला, तरी तोच बिघाड परत का येतो?

बटण दाबलं की दिवा लुकलुकतो, विझतो, पुन्हा लुकलुकतो. कान जवळ नेला तर बोर्डातून टिक, टिक, टिक असा बारीक आवाज येतो. दहा मिनिटं तसंच राहू दिलं की मॉनिटर आपोआप चालू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. हळूहळू दहा मिनिटांची वीस होतात आणि एके दिवशी तो चालूच होत नाही. मॉनिटरच्या जागी सेट-टॉप बॉक्स असेल, डीव्हीडी प्लेअर असेल किंवा एखादा ॲम्प्लिफायर असेल. आत एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय असला की लक्षणं थोड्याफार फरकाने हीच.

झाकण उघडलं की डोकं फुगलेले एक-दोन कपॅसिटर दिसतात. ते बदलले की मॉनिटर चालू होतो, आणि काम झालं असं वाटतं. काही महिन्यांनी तोच मॉनिटर परत टेबलावर येतो. ही पोस्ट या परत येण्याबद्दल आहे.

एक मॉनिटर माझ्याकडे तीनदा आला. पहिल्या वेळी सेकंडरी बाजूचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या कमी व्होल्टेजच्या बाजूचे, १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर फुगले होते. हाताशी त्याच किमतीचे, म्हणजे तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, होते, ते टाकले, मॉनिटर लगेच चालू झाला. सात महिन्यांनी, थंडी सुरू झाल्यावर, तो परत आला. मीच टाकलेल्या दोनपैकी एकाचं डोकं किंचित वर आलेलं दिसलं. तो बदलला, लगेच जोडून पाहिलं, पहिल्या बटणाला चालू. परत दिला. तीन आठवड्यांत तो पुन्हा दारात. या वेळी सेकंडरी बाजूला काहीच फुगलेलं नव्हतं, दिवा मात्र तसाच लुकलुकत होता.

दोन चुका माझ्या हातून झाल्या होत्या. पहिली, टाकलेले कपॅसिटर ८५ अंशांचे, म्हणजे जास्तीत जास्त तेवढ्या तापमानासाठी बनवलेले, साध्या जातीचे होते. दुसरी मोठी. खरा दोषी प्रायमरी, म्हणजे मेन्सच्या बाजूला, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) कुशीत बसलेला ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक छोटा कपॅसिटर होता. तो ना फुगला होता, ना गळत होता. वरचं प्लास्टिकचं आवरण थोडं आकसलेलं होतं, एवढंच. दुसऱ्या दुरुस्तीनंतर मॉनिटर लगेच चालू झाला, कारण सोल्डरिंग करताना बोर्ड गरम झाला होता. गरम बोर्डावर हा बिघाड लपतो. ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

छोटा कपॅसिटर सगळा सप्लाय कसा अडवतो

एसएमपीएस सुरू होतो तो क्षण समजून घेतला की निम्मं निदान तिथेच होतं. मेन्सचा, म्हणजे घरच्या प्लगमधला, करंट ब्रिज डायोडमधून डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. तिथून एका मोठ्या किमतीच्या रेझिस्टरमधून अगदी थोडा करंट कंट्रोलर आयसीच्या सप्लायच्या पायाकडे जातो, आणि तिथे हा छोटा कपॅसिटर हळूहळू भरत जातो. यूसी ३८४२ हा आयसी घ्या. त्याच्या पायावर १६ व्होल्ट झाले की तो जागा होतो आणि मॉस्फेटला, म्हणजे करंट झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला, ठोके द्यायला लागतो. जागा झाल्यावर त्याला लागणारा करंट त्या रेझिस्टरमधून पुरत नाही. ट्रान्सफॉर्मरवरचं वेगळं वाइंडिंग त्याला सप्लाय द्यायला लागेपर्यंत मधला काही मिलिसेकंदांचा वेळ छोट्या कपॅसिटरने निभावून न्यायचा असतो. या वेळात व्होल्टेज १० च्या खाली गेलं तर आयसी झोपतो. कपॅसिटर पुन्हा भरतो, आयसी पुन्हा जागा होतो, पुन्हा झोपतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच.

आता कपॅसिटर वाळतो म्हणजे काय होतं ते पाहू. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मधे द्रवात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. बुडाच्या रबरी बुचातून हा द्रव वर्षानुवर्षं थोडा थोडा उडून जातो, आणि उष्णता जास्त तितका लवकर. द्रव कमी झाला की कपॅसिटरचा आतला रोध वाढतो. यालाच ईएसआर म्हणतात. ईएसआर वाढला की कपॅसिटरमध्ये चार्ज असूनही तो गरजेच्या वेगाने बाहेर येत नाही. उरलेला द्रव गरम झाला की रोध काही काळ कमी होतो, म्हणून मॉनिटर दहा मिनिटांनी चालू होतो, आणि म्हणूनच थंडीत हा बिघाड जास्त सतावतो.

माझ्या त्या ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची किंमत मल्टिमीटरवर ४१ आली. कोणीही म्हणेल, ठीक आहे. ईएसआर मीटर लावला तर १८ ओहम. त्याच किमतीचा नवा कपॅसिटर एक ओहमच्याही खाली दाखवत होता. साधा मल्टिमीटर कपॅसिटन्स खूप कमी फ्रिक्वेन्सीवर मोजतो, सप्लाय काम करतो तो हजारो हर्ट्झवर. म्हणून "मीटरवर बरोबर दाखवतोय" हे वाक्य इलेक्ट्रोलिटिकच्या बाबतीत मी पुरावा धरत नाही.

हात घालण्याआधी

प्लग काढलेला असला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. २३० व्होल्टच्या मेन्सवर त्याच्या दोन पायांमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, १२० व्होल्टच्या मेन्सवर सुमारे १७०. हे जिवावर बेतू शकतं. बिघडलेल्या सप्लायमध्ये धोका उलट वाढतो. सप्लाय चालत असला तर प्लग काढल्यावर तो चार्ज स्वतःच खाऊन टाकतो, बंद पडलेला सप्लाय तो मिनिटंच्या मिनिटं तसाच धरून ठेवतो.

स्क्रूड्रायव्हरने पाय शॉर्ट करू नका. ठिणगीने ट्रॅक उडतो, कपॅसिटरला आतून धक्का बसतो आणि डोळ्यांत काहीतरी उडायची भीती असते ती वेगळीच. २.२ किलोओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी जोडा आणि पाचेक सेकंद कपॅसिटरच्या पायांवर धरा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सव्वा सेकंदात जवळपास रिकामा होतो. तरी डीसी रेंजवर मीटर लावून आकडा एक-दोन व्होल्टांच्या खाली गेल्याची खात्री करायची, आणि मगच बोट किंवा ईएसआर मीटर बोर्डाजवळ न्यायचा. चार्ज असलेल्या कपॅसिटरला ईएसआर मीटर लावला तर मीटर मरतो.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना हमखास नडते. प्रायमरी बाजूचं ग्राउंड आणि सेकंडरी बाजूचं ग्राउंड ही दोन वेगळी आहेत. आयसीच्या पायावरचं व्होल्टेज मोजताना काळी प्रोब मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हवर ठेवायची, पत्र्याच्या चेसिसवर नाही. चालू बोर्डावर प्रायमरी बाजू मोजायची सवय नसेल तर ती मोजणी सोडून द्या. बंद बोर्डावरच्या चाचण्यांतूनही बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

आधी डोळे, मग मीटर

चांगल्या उजेडात बोर्ड तिरका धरून बघा. कपॅसिटरच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारख्या किंवा इंग्रजी के, वाय अक्षरांसारख्या खाचा असतात. डोकं सपाट असायला हवं. त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवा. पट्टी डुलली तर डोकं वर आलंय. नुसत्या नजरेला हा फरक चुकतो, पट्टीला चुकत नाही. मग बुडाकडे बघा. कधी डोकं सपाट राहतं आणि रबरी बूच खालून बाहेर ढकललं जातं, त्यामुळे कपॅसिटर एका बाजूला कललेला दिसतो. पायाशी तपकिरी, चिकट डाग असेल तर तो गळतोय. असा पाय सोल्डरिंग आयर्नने गरम केला की माशासारखा वास येतो. एकदा तो वास ओळखीचा झाला की पुढे कधी शंका राहत नाही.

मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात टाकलेला पिवळसर डिंकही बघून घ्या. काही जातींचा डिंक वर्षानुवर्षं तापून चॉकलेटी, मग काळा होतो, आणि तसा झाल्यावर तो करंट वाहून नेतो, पायही खातो. नवा कपॅसिटर अशाच काळ्या डिंकात बसवला तर तोही अडचणीत येणारच. तो पूर्ण खरवडून काढायचा आणि खालचा ट्रॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा.

मग बोर्ड उलटा करा आणि भिंगातून सोल्डरचे सांधे बघा. हीटसिंकवरच्या मॉस्फेटचे, डायोडचे आणि ट्रान्सफॉर्मरचे पाय आधी. चांगला सांधा पायाकडे सलग चढत जातो. तुटलेल्या सांध्यात पायाभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसते, जणू पाय सोल्डरमधून सुटून उभा आहे. हा ड्राय सोल्डरही बोर्ड गरम-थंड होताना येतो-जातो, आणि लक्षणं अगदी वाळलेल्या कपॅसिटरसारखीच देतो. शंका असलेला प्रत्येक सांधा थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा लेप) लावून नव्याने करायचा.

डोळ्यांनी बघून झालं की मोजणी. ईएसआर मीटर असेल तर बोर्डावरचा एकूण एक इलेक्ट्रोलिटिक मोजा, फुगलेला असो वा नसो. हा मीटर इतक्या कमी व्होल्टेजवर मोजतो की आजूबाजूचे डायोड आणि ट्रान्झिस्टर मधे येत नाहीत, त्यामुळे बहुतेक कपॅसिटर न काढताच तपासता येतात. फसवणूक होते ती समांतर जोडलेल्या कपॅसिटरमध्ये. १२ व्होल्टच्या लाइनवर दोन कपॅसिटर शेजारी असतील आणि एक वाळलेला असेल, तर मीटर चांगल्याचाच आकडा दाखवतो. अशा जोडीतला एक पाय मोकळा करून मोजावं लागतं.

ईएसआर मीटर नसला तरी काम अडत नाही. प्लग काढा, मोठा कपॅसिटर रिकामा करा, आणि संशयित कपॅसिटरच्या पायांवर सोल्डरच्या बाजूने त्याच किमतीचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा एक चांगला कपॅसिटर तात्पुरता समांतर जोडा. पोलॅरिटी नीट बघून. मग प्लग लावून चालू करा. थंड बोर्ड पहिल्या झटक्यात चालू झाला तर दोषी सापडला. शॉर्ट किंवा लीक झालेल्या कपॅसिटरला ही चाचणी लागू पडत नाही, वाळलेल्याला मात्र छान लागू पडते.

दुसरी युक्ती उष्णतेची. प्लग काढलेला आणि कपॅसिटर रिकामा असताना, सोल्डरच्या बाजूने संशयिताच्या एकाच पायावर आयर्न तीन-चार सेकंद टेकवा. पायातून ऊब वर कपॅसिटरमध्ये जाते. लगेच आयर्न बाजूला करून प्लग लावा. एरवी दहा मिनिटं घेणारा मॉनिटर तेवढ्याने चालू झाला तर समजा की तोच. हेअर ड्रायरनेही होतं, पण त्याची हवा पाच-सहा भाग एकदम तापवते, म्हणून नेमका कोणता ते कळत नाही. तिसऱ्या वेळी माझा तो छोटा कपॅसिटर असाच पकडला गेला. मीटर नंतर लावला.

फ्यूज उडालेला असेल तर

ही वेगळी वाट आहे. फ्यूजची काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे सरळ शॉर्ट आहे. नवा फ्यूज टाकून बघू नका, तोही उडेल, आणि जाताजाता आणखी काही घेऊन जाईल. मीटर डायोड रेंजवर ठेवून ब्रिजचे डायोड आणि मॉस्फेटचे ड्रेन-सोर्स तपासा (ड्रेन, सोर्स आणि गेट हे त्याचे तीन पाय). दोन्ही दिशांना बीप आली तर मॉस्फेट गेला. तो एकटा जात नाही. सोर्सखालचा एक ओहमपेक्षा कमी किमतीचा रेझिस्टर बहुधा ओपन झालेला असतो, गेटचा रेझिस्टर जळतो, आणि ड्रेनवरचं व्होल्टेज गेटमधून उलटं जाऊन आयसीलाही मारतं. मॉस्फेट तेवढा बदलून चालू केलं की नवा मॉस्फेट त्याच सेकंदाला उडतो, हा "परत येणारा बिघाड" बऱ्याच जणांनी अनुभवला असेल. हे चारही भाग एकत्र तपासायचे, आयसीबद्दल शंका असेल तर तोही बदलायचा.

सेकंडरीचे शॉट्की डायोड डायोड रेंजवर साधारण ०.१५ ते ०.३ व्होल्ट दाखवतात. जोड-डायोडचे (एकाच डब्यातल्या दोन डायोडचे) दोन्ही ॲनोड ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून एकमेकांना जोडलेले असले तर शॉर्ट दिसतातच, त्यावरून घाई करून डायोड फेकू नका. बोर्डातून काढून मोजा.

नवा कपॅसिटर निवडताना

जुन्यावर छापलेली किंमत आणि व्होल्ट दोन्ही वाचा. किंमत तीच ठेवायची, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वरचे. मग तापमान. अंगठ्याचा नियम असा की, कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी कमी झालं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांवर ५००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांच्या जागेत सुमारे ४०,००० तास टिकायला हवा. ८५ अंशांवर २००० तासांचा कपॅसिटर त्याच जागी ४००० तास. मॉनिटर रोज दहा तास चालतो, म्हणजे चारशे दिवस.

मी टाकलेले तेवढेही का टिकले नाहीत, याचं कारण रिपल करंट. सेकंडरीच्या कपॅसिटरमधून सतत आत-बाहेर करंट धावतो. समजा तो १.५ ॲम्पियर आहे. ईएसआर ०.०४ ओहम असेल तर कपॅसिटरच्या आत ०.०९ वॉट उष्णता होते, काहीच नाही. साध्या जातीच्या कपॅसिटरचा ईएसआर दहापट, ०.४ ओहम असेल तर ०.९ वॉट. करंगळीच्या पेराएवढ्या बंद डब्यात जवळपास एक वॉट म्हणजे तो स्वतःच्याच आगीत शिजतो. बाहेरचे ७५ अंश आतून ८५ किंवा त्याच्याही वर जातात, आणि चार हजार तासांचे दोन हजार होतात. सात महिन्यांचा हिशेब इथे बरोबर जुळतो. म्हणून इथे लो-ईएसआर, १०५ अंशांचाच कपॅसिटर हवा, आणि रिपल करंटचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त. हे आकडे कपॅसिटरवर छापलेले नसतात, त्या मालिकेच्या डेटाशीटमध्ये मिळतात.

"थोडा मोठा टाकला तर जास्त टिकेल" हा विचार आयसीच्या छोट्या कपॅसिटरला लावू नका. ४७ च्या जागी २२० मायक्रोफॅरड टाकला तर स्टार्ट रेझिस्टरला तो १६ व्होल्टपर्यंत भरायला साडेचारपट वेळ लागतो, आणि बटण दाबल्यावर कितीतरी सेकंद काहीच होत नाही. पायांमधलं अंतरही बघून घ्या. ५ मिलिमीटर व्यासाला २, ६.३ ला २.५, ८ ला ३.५ आणि १० ला ५ मिलिमीटर. पाय ओढूनताणून बसवले की बुचावर ताण येतो आणि तिथूनच गळती सुरू होते. उंचीही मोजा, नाहीतर झाकण बसत नाही.

मेन्सच्या तोंडाशी असलेले चौकोनी एक्स आणि निळे वाय कपॅसिटर या सगळ्यातून वेगळे. ते सुरक्षेचे भाग आहेत. त्यांच्या जागी त्याच वर्गाचं चिन्ह छापलेलाच कपॅसिटर, दुसरा कोणताही नाही.

काढणं आणि बसवणं

आयर्न लावण्याआधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी निगेटिव्ह दाखवते. बोर्डावर छापलेल्या वर्तुळाचा भरलेला अर्धा भागही बहुतेक वेळा निगेटिव्ह असतो, पण उलटं छापलेले बोर्डही असतात. म्हणून छपाईवर विसंबून राहू नका. जुना काढायच्या आधी त्याची पट्टी कोणत्या बाजूला होती ते बोर्डावर मार्करने टिपून ठेवा. उलटा बसवलेला कपॅसिटर चालू केल्यावर काही क्षणांत फुटू शकतो.

कारखान्यातलं सोल्डर बहुतेक लेड-फ्री असतं आणि ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. त्यावर थोडं ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेलं) सोल्डर घाला. ते १८३ अंशांना वितळतं, दोन्ही मिसळले की सांधा लवकर पातळ होतो आणि पॅडला कमी उष्णता सोसावी लागते. हे "आधी सोल्डर वाढवा, मग काढा" उलटं वाटतं, पण ट्रॅक उखडण्यापासून वाचवणारी माझ्या माहितीतली ही सगळ्यात उपयोगी सवय आहे. आयर्न ३४० ते ३५० अंशांवर, टीप रुंद. टोकदार टीप ग्राउंडच्या पायाला पुरेशी उष्णता देत नाही, मग माणूस दाबायला लागतो आणि पॅड निघून येतं.

एक पाय वितळवा, कपॅसिटर हलकेच एका बाजूला कलवा, दुसरा पाय वितळवा, दुसऱ्या बाजूला कलवा. दोन-तीन फेऱ्यांत तो अलगद हातात येतो. ओढायचा नाही. अडला तर उष्णता कमी पडतेय असं समजा. भोक मोकळं करायला सोल्डर पंप किंवा फ्लक्स लावलेली विक, म्हणजे सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी. दोन्हींनी जमलं नाही तर सोल्डर वितळलेलं असताना लाकडी टूथपिक आत सरकवा आणि गार होऊ द्या, भोक स्वच्छ राहतं.

नवा बसवताना तो बोर्डाला टेकून सरळ बसू द्या, पण हीटसिंकला किंवा तापणाऱ्या रेझिस्टरला टेकवू नका. माझ्या मॉनिटरमध्ये तो छोटा कपॅसिटर हीटसिंकला अक्षरशः चिकटून होता. नवा बसवताना मी पाय थोडे लांब ठेवून त्याला विरुद्ध बाजूला आडवा केला आणि पायांवर इन्सुलेशनची नळी चढवली. मधे बोटभर हवा आली. जागेमुळे तापणारा भाग जागा न बदलता बदलला तर पुन्हा तेवढ्याच दिवसांत तो जाणार, मग तो कितीही चांगल्या जातीचा असो.

फ्लक्स पुसा, शेजारच्या ट्रॅकवर सोल्डरचा थेंब तर नाही ना ते भिंगातून बघा.

पहिल्यांदा चालू करताना

सरळ मेन्सवर नको. फिलामेंटचा साठ-शंभर वॉटचा बल्ब लाइव्हच्या वायरीत सिरीजमध्ये घ्या. एलईडी बल्ब इथे चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, मोठा कपॅसिटर भरला. तो पूर्ण उजेडाने पेटलेलाच राहिला तर अजून शॉर्ट आहे, पण बल्बने करंट रोखल्यामुळे तुमचा नवा मॉस्फेट वाचला. बल्ब ठीक दिसला की तो काढून सरळ जोडा आणि सेकंडरीचे व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. ती नीट असूनही पडदा दोन सेकंद उजळून काळा होत असेल तर सप्लाय सोडून बॅकलाइटकडे वळा.

आणि इथे घाई करू नका. नुकताच सोल्डर केलेला बोर्ड चालू झाला यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्लग काढून रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी, काहीही न तापवता, एकदाच बटण दाबा. असं लागोपाठ तीन सकाळी करा. मधल्या एका दिवशी दोन तास चालवून प्लग काढा, मोठा कपॅसिटर रिकामा करा आणि नव्या कपॅसिटरवर बोट ठेवा. कोमट असेल तर चालेल. बोट ठेवता येत नसेल तर उष्णता कुठून येतेय ते शोधल्याशिवाय झाकण लावू नका.

तिसऱ्या वेळी सेकंडरीचे दोन्ही कपॅसिटर लो-ईएसआर जातीचे टाकले, छोटा बदलून हीटसिंकपासून लांब नेला, डायोडच्या एका पायाभोवती केसासारखी रेघ होती तो सांधा नव्याने केला आणि झाकणाच्या जाळीत बसलेली धूळ ब्रशने काढली. तिन्ही सकाळी पहिल्या बटणाला दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. आयसीच्या पायावर आधी १० आणि १६ च्या मधे नाचणारा आकडा आता १४ च्या आसपास स्थिर होता. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, बदललेल्या तिन्ही कपॅसिटरची जागा आणि त्यांच्या किमती लिहिल्या आणि स्क्रू लावले.